वस्तूंचं वर्णन लिहून जोडउत्पन्न: जिंतूरमध्ये बसून पहिली दहा वर्णनं कशी लिहायची?



आजचा विषय अशा लोकांसाठी आहे, ज्यांच्याकडे दुकान नाही, गुंतवायला भांडवल नाही, पण मोबाईल आहे, चार ओळी नीट लिहिता येतात आणि रोज दीड तास हाताशी आहे. ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी वस्तूंचं वर्णन लिहून देणं, हे ते काम.

आधीच सांगतो, या कामातून कोणी लखपती होत नाही. महिन्याला दोन-अडीच हजारांपासून सुरुवात होते. पण पैसे न गुंतवता, गाव न सोडता करता येणाऱ्या मोजक्या प्रामाणिक कामांपैकी हे एक आहे. आणि यातून विक्री म्हणजे काय ते समजतं. उद्या स्वतःचा माल विकायचा असेल, तर ही शिकवणी फुकटची समजा.

पैसे शब्दांचे मिळत नाहीत, प्रश्नांचे मिळतात

पहिली शंका मला माहीत आहे. "सर, आता एआय फुकटात वर्णन लिहून देतं, मग मला कोण पैसे देणार?"

बरोबर आहे. पण एआयला तुमच्या गल्लीतल्या ताईंनी शिवलेली वाकळ किती फूट लांब आहे, हे माहीत नाही. तिच्यात साड्यांचे किती थर आहेत, पहिल्या धुण्यात रंग जातो का, हेही माहीत नाही. ते तुम्ही जाऊन, मोजून, विचारून आणायचं. माहिती हातात नसेल तर माणूस असो की मशीन, दोघंही एकच लिहितात: "उत्तम दर्जाची, आकर्षक, पारंपरिक गोधडी. एकदा वापरून बघाच!"

या ओळीत गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. दुकानात माणूस कापड हातात घेतो, चुरगाळून बघतो, भाव करतो. ऑनलाइन यातलं काहीच होत नाही. म्हणून तुमचं वर्णन म्हणजे गिऱ्हाइकाचा हात आणि डोळा. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं, तरी अर्धा धडा झाला.

आठ प्रश्नांचा कागद

विक्रेत्याकडे जाताना हा कागद सोबत न्या. उत्तरं मिळाल्याशिवाय लिहायला बसू नका.

१. वस्तू नेमकी काय आहे आणि कशापासून बनली आहे?
२. माप, वजन, नग किती? सांगितलेलं नको, टेप आणि काट्यावर मोजलेलं.
३. कोण वापरतं आणि कधी?
४. कशी वापरायची, धुवायची किंवा साठवायची? किती दिवस टिकते?
५. फोटोतल्या आणि प्रत्यक्ष वस्तूत काय फरक असू शकतो?
६. पाकिटात काय येतं आणि काय येत नाही?
७. आजवर गिऱ्हाइकांनी फोन करून काय काय विचारलं?
८. माल परत आला असेल, तर का आला?

शेवटचे दोन प्रश्न सोन्यासारखे आहेत. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा "ब्लाउज पीस आहे का?" असं विचारत असेल, तर त्याचा अर्थ वर्णनात ते लिहिलेलं नाही. जे विचारलं जातं, ते वर जायला हवं.

एक नमुना करून बघू

समजा, कागदावरच्या प्रश्नांतून एका वाकळीबद्दल एवढं कळलं: सिंगल बेड, लांबी सात फूट, रुंदी पाच फूट, धुतलेल्या जुन्या सुती साड्यांचे पाच थर, हाताची शिवण, वजन १ किलो ४०० ग्रॅम, पहिल्यांदा धुताना थोडा रंग जातो. आता वर्णन असं होईल:

"हाताने शिवलेली सुती गोधडी, वाकळ. सिंगल बेड, ७ फूट × ५ फूट.
धुतलेल्या सुती साड्यांचे ५ थर. वजन सुमारे १ किलो ४०० ग्रॅम.
हलक्या थंडीत पांघरायला किंवा गादीवर अंथरायला.
साड्या वापरलेल्या असल्याने प्रत्येक नगाचा रंग वेगळा असतो. फोटोत दिसतो तोच नग पाठवू.
पहिल्यांदा थंड पाण्यात वेगळी धुवा, थोडा रंग जातो. पाकिटात १ गोधडी. उशीचे अभ्रे येत नाहीत."

यात एकही मोठा शब्द नाही. पण ज्याला नवी कोरी, मशीनवर शिवलेली रजई हवी आहे, तो इथेच थांबेल. थांबू द्या. तो थांबला म्हणजे परतीचा एक पार्सल खर्च वाचला.

अजून एक गोष्ट बघा. आपण तिला वाकळ म्हणतो, पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक "गोधडी" असं शोधतं. आपल्याकडची खारोडी दुसरीकडे खारवडी होते. म्हणून पहिल्या ओळीत दोन्ही नावं घाला. कीवर्ड कीवर्ड म्हणतात ते हेच: गिऱ्हाईक वस्तूला ज्या नावाने हाक मारतं, ते नाव. तेच नाव दहा वेळा कोंबायचं नाही. वाचताना अडखळलात, तर समजा जास्त झालं.

खोटं लिहायचं नाही, कारण ते विक्रेत्याच्या अंगावर येतं

हा भाग नीट वाचा. नवखा लेखक इथेच विक्रेत्याला अडचणीत आणतो.

ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यांत स्पष्ट म्हटलंय की माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. म्हणजे तुम्ही "शुद्ध सुती" लिहिलं आणि कापड मिक्स निघालं, तर भुर्दंड त्या ताईंना. तुमचा एक शब्द, त्यांचा दोन्हीकडचा कुरिअर खर्च.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक असल्याचं भासवून आपल्या मालाचे रिव्ह्यू टाकायचे नाहीत. "वर्णनासोबत पाच चांगले रिव्ह्यूपण लिहून द्या" असं कोणी म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा. ते आपलं काम नाही.

खाण्याच्या पदार्थांत तर जास्तच सांभाळायचं. आपल्या भागातली तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, हळद. जिंतूरच्या शेजारी हिंगोली जिल्हा, हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पण म्हणून शेजारच्या कोणत्याही हळदीवर "वसमत हळद" असं लिहिता येत नाही. ते नाव त्या भागात पिकलेल्या मालाला आणि त्यासाठी नोंदणी केलेल्यांना वापरायचं असतं. विक्रेत्याकडे नोंदणी आहे का, विचारा. नसेल तर जिथे पिकली त्या गावाचं, तालुक्याचं खरं नाव लिहा. "जिंतूर तालुक्यातल्या शेतातली हळद" हेही चांगलंच वाक्य आहे, फक्त ते खरं असायला हवं.

दुसरं, ज्वारी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये "परभणी शक्ती" हे ज्वारीचं वाण आलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. आता कोणी म्हणालं, "आमच्या ज्वारीच्या पिठात लोह भरपूर आहे, तसं लिहा", तर आधी विचारा: वाण कोणतं पेरलं? बियाण्याची पिशवी किंवा पावती आहे का? पिठाचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का? नसेल तर "गावरान चवीचं, जात्यावर दळलेलं" एवढंच लिहा, तेही खरोखर जात्यावर दळलं असेल तर.

तिसरं, जवसाची चटणी. "शुगर बरी होते", "बीपी जातं" असलं काही लिहायचं नाही. असे आजार बरे करण्याचे दावे जाहिरातीत करायला १९५४ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चटणीबद्दल काय लिहायचं मग? घटक, तिखटपणा, वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत संपवायची आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. नंबर नसेल, तर आधी नोंदणी करायला सांगा. छोट्या गृहउद्योगासाठी साधी नोंदणी असते.

दर कसा ठरवायचा?

अंदाजाने नाही, घड्याळ लावून. पहिली पाच वर्णनं लिहिताना वेळ मोजा. समजा, एका वर्णनाला सरासरी ४० मिनिटं लागली आणि दर ठेवला ७५ रुपये.

आता महिन्याचा हिशोब. २० दिवस, रोज दीड तास, म्हणजे ३० तास. यातले १० तास गिऱ्हाईक शोधणं, माहिती आणणं, दुरुस्ती आणि उधारी मागणं यात जातात. उरले २० तास. त्यात ३० वर्णनं होतात. ३० × ७५ म्हणजे २,२५० रुपये. पूर्ण ३० तासांनी भागा: ताशी ७५ रुपये. खरी कमाई ही. बरेच जण ते १० तास धरत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात "परवडत नाही" म्हणून सोडून देतात.

विक्रेता म्हणेल, "चार ओळींचे पंच्याहत्तर?" तेव्हा भांडू नका, हिशोब मांडा. "ताई, एक पार्सल परत आलं की जाण्यायेण्याचे समजा १५० रुपये जातात. माझ्या वर्णनामुळे एक जरी परत येणं टळलं, तरी दोन वर्णनांचे पैसे निघाले." हे तिला लगेच पटतं, कारण ते पैसे तिच्या खिशातून गेलेले असतात.

पहिलं काम कुठे मिळेल?

मोठ्या शहरातल्या कंपन्यांना मेल पाठवत बसू नका. जिंतूरच्या बाजारपेठेत एक चक्कर मारा. साडीचं दुकान, बांगड्यांचं दुकान, पापड-शेवया करणारा बचत गट, मसाले दळणारे भाऊ. यांच्यापैकी कोणाचा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आहे, ते बघा. बहुतेक ठिकाणी फोटो आणि किंमत एवढंच दिसेल. तिथेच तुमचं काम आहे. तालुक्यात उमेद आणि माविमशी जोडलेले महिला गट आहेत. त्यांच्या ताईंना भेटा.

मेसेज साधा ठेवा:

"नमस्कार ताई. तुमच्या कॅटलॉगमधल्या शेवयांचा फोटो छान आहे, पण वजन आणि किती दिवस टिकतात ते लिहिलेलं नाही. एका वस्तूचं वर्णन नमुना म्हणून लिहून देऊ का? आवडलं तर पुढच्या दहा वस्तूंचे ७५० रुपये."

नमुना एकच फुकट. दुसऱ्यापासून पैसे. काम ठरलं की मेसेजवर चार गोष्टी लिहून घ्या: किती वर्णनं, कोणत्या भाषेत, कधीपर्यंत, दुरुस्ती किती वेळा. अर्धे पैसे आधी घ्या. ओळखीतलं असलं तरी घ्या, उलट ओळखीत जास्त जपून. इंग्रजी कच्चं असेल तर मराठी कॅटलॉगपासून सुरू करा. हिंदी-इंग्रजी नंतर जमेल.

वहीत तारीख, नाव, रक्कम, जमा-बाकी लिहीत जा. ही कमाईही आयकराच्या हिशोबात धरावी लागते, हे लक्षात असू द्या.

एक सावधगिरी

"घरबसल्या लिखाणाचं काम, आधी नोंदणी फी भरा" असा मेसेज आला की तिथेच थांबा. असे लोक फी घेतात, मग "कामात चुका आहेत" म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून आणखी पैसे उकळतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातल्या तीन वस्तू घ्या: एक कापडाची, एक खाण्याची, एक भांडं. आठ प्रश्नांची उत्तरं लिहा.
२. प्रत्येकीचं सहा ओळींचं वर्णन लिहा. "उत्तम", "आकर्षक", "सर्वोत्कृष्ट" हे शब्द वापरायला बंदी.
३. ती वस्तू न बघितलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याने जो प्रश्न विचारला, तो वर्णनात राहिलेला आहे. भरा.
४. शनिवारपर्यंत बाजारातल्या दोन विक्रेत्यांना वरचा मेसेज पाठवा.

चौथा मुद्दा टाळू नका. पहिल्या तीनने लिहिता येईल, पण पैसे चौथ्याने येतील. एका ताईंचा माल तुमच्या सहा ओळींमुळे नाशिकला गेला आणि परत आला नाही, की पुढचं काम त्याच घेऊन येतील.

भेटू पुढच्या धड्यात. तेव्हा मोबाईलवर वस्तूचा फोटो कसा काढायचा, ते बघू.