तपासणीच्या मेजापर्यंतची वाट

रोगाचे निदान वेळेवर झाले तर उपचार सुलभ होतात. परंतु त्यासाठी रुग्णाला तपासणीच्या मेजापर्यंत पोचता आले पाहिजे. आरोग्य केंद्राच्या दाराशी तीन पायऱ्या असतील, तर चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीच्या दृष्टीने ते केंद्र असून नसल्यासारखेच होय. क्षयरोगाची थुंकी-तपासणी लांबली की रोग बळावतो आणि घरातील इतरांनाही लागण होण्याचा धोका वाढतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ अन्वये शासकीय व खाजगी रुग्णालये आणि आरोग्य केंद्रे यांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश, तसेच सेवेत अग्रक्रम मिळावा यासाठी उपाययोजना करणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. यातील ‘सर्व भागांत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रश्न दाराचा. उतरणीचे प्रमाण १:१२ असावे. म्हणजे दीड फूट उंचीसाठी अठरा फूट लांबीची उतरण हवी. जागा नाही म्हणून ती आखूड व उभी बांधली, तर खर्च होतो आणि उपयोग होत नाही. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी. शौचालयाचे दारही तितकेच रुंद हवे, कारण लघवीचा नमुना तेथेच द्यावयाचा असतो.

दुसरा प्रश्न खोलीतील व्यवहाराचा. क्ष-किरण तपासणीत ‘श्वास रोखून धरा’ ही सूचना कर्णबधिर व्यक्तीला ऐकू येत नाही. तिच्याशी खूण आधीच ठरवून ठेवावी. रांगेत नाव पुकारण्याबरोबरच क्रमांकही दाखवावा. अंध व्यक्तीला नमुन्याची डबी हाती देऊन समजावून सांगावी.

तिसरा प्रश्न अहवालाचा. अंध व्यक्तीचा अहवाल सर्वांदेखत मोठ्याने वाचणे योग्य नव्हे. तो एकांतात, तिलाच सांगावा. एचआयव्ही तपासणीच्या बाबतीत संमती व गोपनीयता हे २०१७ च्या कायद्याने दिलेले हक्क आहेत.

यांपैकी अनेक सुधारणांना पैसा लागत नाही. जेथे लागतो, तेथे ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाच्या पाच टक्के निधीचा विचार सदस्यांनी करावा. पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी गावातील एखाद्या दिव्यांग व्यक्तीसह फाटकापासून अहवालापर्यंतची वाट एकदा चालून पाहावी. ती व्यक्ती जेथे अडेल, तेथूनच कामास प्रारंभ करावा.