बिनतारी जाळे आणि घराचे नाव

द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरी कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेली असत. वडिलांना वाचता येत नाही. म्हणून अंगठा उमटवण्यापूर्वी ते कोणताही कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेत. आज त्याच कागदांची छायाचित्रे मोबाइलमध्ये आहेत, बँकेचे खातेही तेथेच आहे आणि घरात वायफाय आले आहे. या नव्या पेटीच्या कुलपाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुसऱ्याचा पासवर्ड, सही किंवा ओळखचिन्ह लबाडीने वापरणे म्हणजे ओळखचोरी. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ सी नुसार या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वायफायचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पोहोचला होता. त्याचा माग काढता पत्ता निघाला नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका अमेरिकन रहिवाशाचा. त्याचे वायफाय असुरक्षित होते आणि ते भलत्यानेच वापरले होते. स्फोटांशी संबंध नसतानाही त्याला पोलिसांच्या चौकशीस तोंड द्यावे लागले.

असे का व्हावे? घरातील सर्व उपकरणे बाहेरच्या जगाला सामान्यतः एकाच आयपी पत्त्याने दिसतात आणि तो पत्ता जोडणी घेणाऱ्याच्या नावावर असतो. रेडिओलहरींना भिंत अडवत नाही. त्यामुळे गल्लीत उभा असलेला मनुष्यही आपल्या नावाने वावरू शकतो.

यावरचा उपाय म्हणजे संदेश सांकेतिक करणे. १९९७ मध्ये आलेली वेप ही पद्धत २००१ मध्येच दुबळी ठरली. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आली. परंतु पद्धत कितीही चांगली असली, तरी किल्ली सोपी असेल तर कुलूप व्यर्थ होय.

ही चूक मी स्वतः केली. घरच्यांच्या लक्षात राहावा म्हणून वडिलांचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड ठेवला. पुढे हिशेब केला. आपल्याकडील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो; म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण डब्ल्यूपीए-२ मध्ये जोडणीच्या वेळचे संदेश एकदा टिपून घेतले, की पुढचे अंदाज चोर आपल्या घरी बसून करू शकतो. शक्तिशाली संगणकाला ते काही तासांचे काम आहे. शिवाय आमचा क्रमांक गल्लीत सर्वांना पाठ होता!

राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो. तो कारखान्यातून आला तसाच राहिला, तर आत शिरलेला मनुष्य राउटरची मांडणी बदलून आपल्याला बँकेसारख्याच दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊ शकतो.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा लांब पासवर्ड ठेवावा. डब्ल्यूपीए-३, ते नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावे. व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा. डब्ल्यूपीएस ही बटण वा पिनने जोडण्याची सोय बंद करावी. राउटरची प्रणाली अद्ययावत ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे द्यावे. पैशांची फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

हे सारे मी वडिलांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा दिल्यासारखंच झालं की!" मी मान खाली घातली, कारण तो अंगठा त्यांच्या वतीने मीच दिला होता.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी राउटरचा पासवर्ड आपणच ठेवलेला असतो. घरचे विचारत नाहीत. मुलगा कॉलेजात शिकतो, मुलगी कॉलेजात शिकते, एवढ्यावर त्यांचा भरवसा. त्या भरवशाला जागायचे असेल, तर आज घरी गेल्यावर तो पासवर्ड एकदा तपासून पाहू या.