आधी एक्स-रे, मग ट्रे

चाळिशीत दात सरळ करायचे, पण तारा नकोत, एवढं माझं पक्कं होतं. म्हणून पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे ट्रे, घरपोच देणाऱ्या एका कंपनीला फोन केला. लगेच एक मुलगा घरी आला, तोंडात छोटा कॅमेरा फिरवून गेला आणि संध्याकाळी मोबाइलवर माझेच दात कवायतीतल्या पोरांसारखे रांगेत सरकताना दिसले. सवलत रात्री बारापर्यंतच! एक्स-रे निघाला नाही, हिरड्या कुणी तपासल्या नाहीत. ‘आमचे डॉक्टर’ म्हणजे नेमके कोण, तेही शेवटपर्यंत कळलं नाही.

ट्रे घालायला लागल्यावर काही महिन्यांत खालचे पुढचे दात हलू लागले, ब्रश केला की रक्त. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: दात सरकताना थोडे हलणारच. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच फसायला होतं. दाताला दाब दिला की तो ज्या दिशेला ढकलला जातो त्या बाजूचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं भरत जातं. दात सरकतो तो असा. पण हिरड्यांच्या आजाराने हाड आधीच खाली गेलं असेल, तर त्याच दाबाने दात आणखी सैल होतो. माझा आजार जुना होता. पुढे शासकीय दंत महाविद्यालयात ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तेव्हा ते पहिल्यांदा दिसलं. आधी हिरड्यांचे उपचार झाले, मग हलक्या दाबाच्या तारा. ज्या तारा नको होत्या, त्याच.

अलायनर वाईट नाहीत. दात थोडेफार वेडेवाकडे असतील आणि ट्रे दिवसातले वीस-बावीस तास तोंडात ठेवायची शिस्त असेल, तर छान काम करतात. चहा-फराळाला दर तासाला काढणाऱ्यांनी मात्र नाद सोडावा. हाडात अडकलेला सुळा खाली आणायचा असेल तर सहसा ताराच लागतात. धातूच्या तारा स्वस्त आणि दणकट. सिरॅमिकच्या कमी दिसतात, पण त्यांच्या रबरी कड्या हळदीच्या आमटीने पिवळ्या पडतात, हे आधी कुणी सांगत नाही. दातांच्या आतून बसवायच्या तारा महाग, आणि सुरुवातीला जीभ सोलवटते.

मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून आणा. जबडा वाढत असतो तोवर त्याला वळण देता येतं. मोठेपणी तेच काम कधीकधी शस्त्रक्रियेवर जातं.

डॉक्टर बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, तीन वर्षांचं एमडीएस केलेले आहेत ना, हे विचारायला लाजू नका. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. वेळ जातो, पण तपासणी नीट होते. सगळे पैसे आगाऊ भरू नका. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलायनरची बडी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले लोक वाऱ्यावर पडले.

आणि तारा निघाल्या तरी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर सुटत नाही. तो घातला नाही तर दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकतात. त्याचा खर्च ठरलेल्या रकमेत धरलाय का, ते सुरुवातीलाच लिहून घ्या.