बॉक्सवुडची पट्टी आणि कुंतीचे कुंपण



तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत फिकट पिवळ्या लाकडाची जुनी मीटरपट्टी असेल, तर ती एकदा नीट निरखून पाहा. तिच्यावरील मिलिमीटरच्या रेषा केसासारख्या बारीक असूनही कोठे फाटलेल्या दिसत नाहीत. अशा पट्ट्या एके काळी बॉक्सवुड नावाच्या झुडपाच्या लाकडापासून करीत. हे लाकूड इतके घट्ट असते, की ओले असताना ते पाण्यात बुडते. युरोपातील लोकांना मात्र हे झुडूप ओळखीचे आहे ते बागेच्या कडेमुळे. बारीक, सदाहरित पाने आणि कात्रीने हवा तो आकार घेण्याचा गुण यांमुळे तेथील बागांत शेकडो वर्षे बॉक्सवुडचीच बुटकी कुंपणे होती.

‘होती’ म्हणण्याचे कारण आहे. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये या झुडपांवर एक बुरशीजन्य रोग दिसू लागला. पाने काळवंडून गळतात आणि फांद्या उघड्या पडतात. २०११ मध्ये हा रोग अमेरिकेतही आढळला. २००७ च्या सुमारास पूर्व आशियातील एक पतंग जर्मनीत पोहोचला. त्याच्या अळ्या बॉक्सवुडची पाने फस्त करीत युरोपभर पसरल्या. तेव्हापासून तिकडचे माळी ‘बॉक्सवुडऐवजी काय लावावे?’ या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत.

आपल्या रत्नागिरीत हा प्रश्न वेगळ्या कारणाने येतो. बॉक्सवुड हे थंड हवेचे झाड. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि नंतरचे आठ महिने जांभ्याचा कातळ तापत राहतो. अशा ठिकाणी त्याची उथळ मुळे आधी कुजायची आणि उरली तर वाळायची. मग शाळेच्या पटांगणाच्या कडेला, फुलझाडांच्या वाफ्याभोवती गुडघ्याएवढे किंवा कमरेएवढे दाट, हिरवे कुंपण हवे असेल तर काय लावावे?

माझे उत्तर आहे, कुंती. रोपवाटिकेत हीच कामिनी या नावाने मिळते. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. लिनियसचा शिष्य मुरे याच्या नावावरून ‘मुराया’ हे नाव आले. तिचे पान चुरगळून वास घ्या, लिंबाच्या कुळातली आहे हे लगेच कळेल. पाने लहान, चकचकीत आणि बारमाही हिरवी. फुले पांढरी व सुगंधी, फळे लहान, पिकल्यावर लाल. लाकूड पिवळसर आणि इतके घट्ट, की हत्यारांच्या मुठी व हातातल्या काठ्या त्याच्या करतात. इंग्रजीत हिला ‘चायना बॉक्स’ असेही म्हणतात, ते उगाच नव्हे.

पण नुसते झाड निवडून कुंपण दाट होत नाही. हे मी स्वतःच्या अंगणात शिकलो.

मी घरापुढे कुंतीची रांग लावली. तीन वर्षे दर महिन्या-दोन महिन्यांनी कात्री चालवली. वरून कुंपण असे सपाट दिसे, की पाणसळ ठेवावी. खाली मात्र वीतभर उंचीपर्यंत नुसत्या काड्या उरल्या आणि शेजारच्या कोंबड्या त्यातून खुशाल ये-जा करू लागल्या. मी खत घातले, पाणी वाढवले, उपयोग झाला नाही. एके दिवशी बाजूला उभा राहून पाहिले, तेव्हा चूक दिसली. कात्री वरच्या बाजूला कमी आणि खालच्या बाजूला जास्त चालली होती. कुंपण वर रुंद आणि खाली अरुंद झाले होते, उलट्या ठेवलेल्या टोपलीसारखे नव्हे, सरळ ठेवलेल्या टोपलीसारखे. जो नियम मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो, तोच अंगणात विसरलो होतो! तो नियम समजून घेण्याआधी कात्रीने काय होते ते पाहू.

कात्री काय करते?

प्रत्येक पानाच्या बगलेत एक ‘डोळा’ असतो. त्यातून फांदी फुटू शकते, पण शेंडा शाबूत असेपर्यंत बहुतेक डोळे झोपलेले राहतात. शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होऊन खाली वाहते आणि डोळ्यांना रोखून धरते, हे १९३० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले. २०१४ मध्ये वाटाण्यावर झालेल्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. वाढता शेंडा साखरेचा मोठा वाटा स्वतःकडे ओढतो. तो छाटला, की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. म्हणजे शेंडा हुकूमही सोडतो आणि शिधाही अडवतो. घरी तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते, त्यामागेही हेच आहे.

एक शेंडा छाटला की दोन-तीन फांद्या फुटतात, त्या छाटल्या की आणखी. कात्री पाने वाढवते ती अशी. पण ती पाने जगवण्याचे काम प्रकाशाचे आहे.

प्रकाश काय करतो?

पान अन्न तयार करते, तसेच श्वसनासाठी ते खर्चही करते. प्रकाश फार कमी झाला तर जमेपेक्षा खर्च वाढतो आणि ते पान पुढे गळते. समजा, पानांचा एक थर निम्मा प्रकाश अडवतो. मग पहिल्या थरामागे १/२, दुसऱ्यामागे १/४, तिसऱ्यामागे १/८ आणि पाचव्यामागे १/३२ म्हणजे सुमारे ३ टक्के प्रकाश उरेल. म्हणून दाट कुंपणाच्या पोटात नेहमी काड्याच दिसतात. हिरवेपणा असतो तो फक्त बाहेरच्या सालीत. तेव्हा या सालीच्या प्रत्येक भागाला, अगदी तळालाही, पुरेसा प्रकाश मिळाला पाहिजे.

आता तो नियम. प्रकाश पृष्ठभागावर जितका तिरपा पडेल, तितका तो अधिक क्षेत्रफळावर पसरतो आणि तीव्रता कमी होते. किरण आणि पृष्ठभागाची लंबरेषा यांतील कोन θ असेल, तर तीव्रता cos θ च्या प्रमाणात असते. हा लॅम्बर्टचा नियम, १७६० सालचा.

रत्नागिरीचे अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर. फेब्रुवारीच्या मध्यावर भर दुपारी येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर, दक्षिणेकडे असतो. पूर्व-पश्चिम लावलेल्या ९० सेंटिमीटर उंच कुंपणाची दक्षिण बाजू घेऊ.

(१) बाजू अगदी उभी असेल तर θ = ६०°, तीव्रता ०.५०.

(२) तळ ६० सेंटिमीटर, माथा ३० सेंटिमीटर रुंद असेल तर प्रत्येक बाजू ९० ला १५ अशी आत कलते. हा कल सुमारे ९.५°. आता θ = ५०.५°, तीव्रता ०.६४.

(३) माथा ६० आणि तळ ३० सेंटिमीटर असेल, म्हणजे माझ्या अंगणातला प्रकार, तर θ = ६९.५°, तीव्रता फक्त ०.३५.

झाड तेच, ऊन तेच, कात्रीही तीच. फक्त आकार बदलल्याने बाजूला मिळणारा प्रकाश ०.३५ वरून ०.६४ वर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेला. शिवाय तिसऱ्या आकारात वरची पाने खालच्या पानांना आकाशाचा काही भाग दिसूच देत नाहीत. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते आणि सगळा प्रकाश आकाशातून विखरून येतो, तेव्हा हे नुकसान आणखी जाणवते.

आणखी एक. हिवाळ्यात दुपारचे ऊन पूर्व-पश्चिम कुंपणाच्या उत्तर बाजूला मिळत नाही. जागा निवडणे हाती असेल तर रांग दक्षिणोत्तर लावा. एका बाजूला सकाळचे आणि दुसऱ्या बाजूला दुपारनंतरचे ऊन मिळेल.

लागवड कशी करावी?

मे महिन्यात सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल चर खणावा. कातळ लागला तर पहारीने फोडावा. चरात माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा भरावा. पाणी साचून राहणार नाही असा उतार ठेवावा. पहिले पाऊस झाले की रोपे ३० ते ४५ सेंटिमीटर अंतराने लावावीत. रोपे घरी करायची असतील तर पिकलेल्या लाल फळांचा गर धुऊन बी ताजे असतानाच पेरावे, जुने बी सहसा उगवत नाही.

रोपाने मूळ धरले की पहिल्याच वर्षी शेंडा छाटावा. हात कचरतो, पण येथे दया दाखवली तर तळाचे डोळे कधीच जागे होत नाहीत. पुढे नवी फूट वीतभर झाली की ती निम्मी कापावी. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून सुगंध हवा असेल तर मधूनमधून कात्रीला सुट्टी द्यावी. एप्रिल-मेच्या उन्हात भारी छाटणी करू नये, सावलीतली पाने एकदम उघडी पडून करपतात. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे आणि बुंध्याशी पाल्याचे आच्छादन ठेवावे.

कुंतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिला काटे नाहीत. गुरे अडवायची असतील तर गडगाच हवा. अगदी समुद्रासमोर, खारा वारा थेट झोडपतो अशा जागी कोयनेल लावावी. ती मुळातच खाडीकाठची आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लिंबू, संत्रा, मोसंबी यांच्यावरील सायला ही कीड कुंतीवरही वाढते आणि तीच लिंबूवर्गीय झाडांत ‘ग्रीनिंग’ हा घातक रोग पसरवते. परसात कागदी लिंबू असेल किंवा जवळ अशी बाग असेल, तर तेथे कुंती लावू नये.

माझ्या कुंपणाचे पुढे काय झाले? पावसाच्या सुरुवातीला ते जमिनीपासून फूटभर ठेवून सगळे कापले. घरच्यांना वाटले, मी ते तोडूनच टाकले. महिन्याभरात जुन्या खोडांवर डोळे फुटले. दोन पावसाळ्यांनंतर तळ भरून आला आणि कोंबड्यांना दुसरी वाट शोधावी लागली.

करून पाहा

१. जाड कागदाची नळी विजेरीच्या तोंडाला बसवा. एका पुठ्ठ्यावर आलेख-कागद चिकटवा. विजेरी टेबलाशी ६० अंशांचा कोन करून धरा. पुठ्ठा आधी उभा, मग मागे कललेला, मग पुढे झुकलेला ठेवून प्रकाशाने व्यापलेले चौकोन मोजा. विजेरीपासूनचे अंतर तेवढेच ठेवा. कोणत्या वेळी चौकोन सर्वांत जास्त भरतात? त्या वेळी एका चौकोनाला मिळणारा प्रकाश कमी की जास्त?

२. तुळशीची सारख्या उंचीची आठ रोपे घ्या. चारांचे शेंडे खुडा, चारांना हात लावू नका. महिन्याने प्रत्येक रोपाच्या फांद्या मोजून सरासरी काढा.

३. शाळेजवळचे एखादे कुंपण निवडा. त्याची माथ्याची व तळाची रुंदी मोजा. जमिनीपासून किती उंचीवर पाने सुरू होतात तेही लिहा. अशी पाच कुंपणे मोजून झाली, की वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि तळ कोठे उघडा पडला आहे ते पाहा.