'री-एनॅक्टमेंट' : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या, म्हणजे नृसिंहजयंतीच्या सुमारास तंजावर जिल्ह्यातील मेलत्तूर या गावी वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर 'प्रह्लादचरित्रम्' हे नाटक होते. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. इंग्रजीत त्याचे वर्णन करणारे लेखक पुष्कळदा एक शब्द हमखास योजतात. ते म्हणतात, ही प्रह्लादाच्या कथेची 'री-एनॅक्टमेंट' होय. शब्द साधा दिसतो. परंतु तो मराठीत आणू पाहणाऱ्याला लवकरच कळून चुकते की, येथे कोशातील पहिला प्रतिशब्द उचलून भागत नाही. या शब्दाचा उलगडा कसा करावा, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाची फोड करू. मूळ क्रियापद 'एनॅक्ट'. त्याचे दोन अर्थ आहेत : कायदा संमत करणे, आणि एखादा प्रसंग रंगभूमीवर साकार करणे. त्याला 'री' हा उपसर्ग लागला की 'पुन्हा' ही छटा येते. हे दोन्ही अर्थ सामावून घेणारे एकच क्रियापद मराठीत नाही. कायदा आपण 'करतो' आणि नाटक 'करतो' हे खरे. पण 'पुन्हा करणे' एवढ्याने दोहोंपैकी कशाचाच नीट बोध होत नाही.

कायद्यातील अर्थ तुलनेने निश्चित आहे. जुना अधिनियम रद्द करून त्यातील तरतूद नव्या अधिनियमात पुन्हा घातली जाते, तेव्हा ती 'री-एनॅक्ट' झाली असे म्हणतात. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 8 मध्ये याचीच तजवीज आहे. तरतूद फेरफारांसह वा फेरफारांविना पुन्हा अधिनियमित झाली असेल, तर इतरत्र असलेले जुन्या तरतुदीचे उल्लेख नव्या तरतुदीला लागू समजावेत, असा त्याचा आशय आहे. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर, 1860 च्या भारतीय दंड संहितेत खुनाची शिक्षा कलम 302 मध्ये होती. 1 जुलै 2024 रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 103 मध्ये आहे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. नवे कलम हे जुन्याची नक्कल नव्हे. ते स्वतःच कायदा आहे. त्याच्या आधारे न्यायाधीश आज शिक्षा देतो. या अर्थी 'पुनरधिनियमन' हा शब्द जड असला तरी अचूक आहे.

दुसरा अर्थ देखाव्याचा. इंग्लंडमध्ये 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईची हौशी मंडळी 'री-एनॅक्टमेंट' करतात. चिलखते चढवलेली माणसे एकमेकांवर धावून जातात, राजा हॅरल्ड पडतो आणि संध्याकाळी सर्वजण सुखरूप घरी परततात. आपल्याकडे 'जाणता राजा' या महानाट्यात 1985 पासून शिवराज्याभिषेकाचा प्रसंग हजारो प्रेक्षकांनी पाहिला आहे. त्या प्रसंगाने प्रेक्षकाचे मन भरून येते, परंतु रंगमंचावरील नट त्यामुळे छत्रपती होत नाही. घटना एकदाच, 6 जून 1674 रोजी, रायगडावर घडली. ही तिची आठवण. अशा ठिकाणी 'प्रसंगाचे पुनर्दर्शन' किंवा सरळ 'देखावा' म्हणावे. गुन्ह्याच्या तपासात जागेवर जाऊन घटनेचा क्रम करून पाहतात, त्याला 'घटनेचे प्रात्यक्षिक' म्हटले की पुरे.

तिसरा अर्थ विचारवंतांचा. इंग्रज तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांच्या मृत्यूनंतर 1946 साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासविषयक ग्रंथात असे प्रतिपादन आहे की, इतिहासकार गतकालीन माणसाचा विचार स्वतःच्या मनात 'री-एनॅक्ट' करतो. येथे 'पुनर्विचार' हा शब्द हाताशी येतो आणि फसवतो. कारण मराठीत पुनर्विचार म्हणजे घेतलेला निर्णय फिरून तपासणे. 'तोच विचार स्वतःच्या मनात नव्याने करणे' अशी फोडच करावी लागते.

आता मेलत्तूरकडे वळू. कावेरीच्या या सुपीक मुलखात मेलत्तूर, सालियमंगलम, ऊत्तुक्काडु, सूलमंगलम, नल्लूर, तेपेरुमानल्लूर ही गावे भागवतमेळ्यासाठी प्रसिद्ध झाली. नायक राजा अच्युतप्पा याने ब्राह्मण कुटुंबांना मेलत्तूर दान दिले, अशी परंपरा सांगते. पुढे 1676 च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले आणि 1855 पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य राहिले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे स्वतः तेलुगू व मराठी नाटकांचे कर्ते होते. याच मराठा अमलात मेलत्तूरच्या वेंकटराम शास्त्रींनी 'प्रह्लादचरित्रम्' व इतर नाटके तेलुगूत रचली. बोलणारे गाव तमिळ, नाटक तेलुगू आणि राजा मराठी, असा हा संगम होता.

प्रयोगाची रीत पाहा. सर्व भूमिका पुरुष करतात. आरंभी कोणंगी हा विदूषक येतो, मग बाल-गणपती येतो. नृसिंहाचा मुखवटा एरवी देवळात असतो व त्याची पूजा होते. तो चढवणारा नट त्या दिवशी उपवास करतो. स्तंभातून नृसिंह प्रकटला की नटाच्या अंगात संचार होतो, अशी श्रद्धा आहे. त्याला आवरण्यासाठी माणसे जवळ उभी असतात. प्रेक्षक त्याला हात जोडतात.

हात कोणाला जोडले जातात? देवाची नक्कल करणाऱ्या नटाला खचित नव्हे. येथे 'पुनर्दर्शन' म्हटले तर गावकऱ्यांची श्रद्धा आपण देखाव्यात जमा करतो. 'पुनरावृत्ती' म्हटले तर त्यांना नकलाकार ठरवतो. प्रस्तुत अनुवादकाने पहिल्या खर्ड्यात 'पुनरावृत्ती' असेच लिहिले होते. वाक्य शुद्ध होते, पण त्यातून देव निघून गेला होता.

आश्चर्य असे की, येथे वाट दाखवतो तो कायद्यातील अर्थ. पुन्हा अधिनियमित केलेली तरतूद ज्याप्रमाणे जुन्याची आठवण म्हणून उरत नाही, तर आज अमलात येते, त्याप्रमाणे त्या रात्री नृसिंहाचे प्रकट होणे गावाच्या दृष्टीने पुन्हा अमलात येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही परंपरा क्षीण झाली होती, आणि ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्या कलाप्रेमींनी तिच्या पुनरुज्जीवनास हातभार लावला. खंड पडलेली रीत फेरफारांसह वा फेरफारांविना पुन्हा लागू होणे, हेही त्या अर्थाशी जुळते.

मग मराठी शब्द कोणता? तो आपल्या खेड्यांत आहे. मोखाडा-जव्हारकडील बोहाड्यात देवांचे मुखवटे चढवून 'सोंगे' नाचवतात. शहरी भाषेत 'सोंग' म्हणजे ढोंग. पण बोहाड्यातले सोंग म्हणजे देवाचे येणे, आणि मुखवट्याला नमस्कार होतो. म्हणून मेलत्तूरविषयी 'नृसिंहाचे सोंग येते' किंवा 'प्रह्लादाची कथा त्या रात्री पुन्हा घडते' असे लिहिणे अधिक खरे होईल.

सारांश, हा शब्द समोर आला की वाचकाने व अनुवादकाने एकच प्रश्न विचारावा : जे पुन्हा केले जाते, ते केल्याने काही अमलात येते की केवळ आठवते? आठवत असेल तर 'पुनर्दर्शन' म्हणावे. अमलात येत असेल, तर विधिमंडळासाठी 'पुनरधिनियमन' आहे आणि देवळासमोरच्या रात्रीसाठी 'पुन्हा घडणे' आहे. ज्यांची गोष्ट आपण सांगतो, ते स्वतःच्या कृतीला काय समजतात, हे त्या निवडीवरूनच वाचकाला कळते.