सहा आकडे

मुलांनो, अब्बांच्या मोबाइलवर आलेला संदेश घरात बहुधा तुम्हीच वाचून दाखवता ना? मग हे ऐका.

कोणी फोन करतो, अब्बांचे नाव-पत्ता बिनचूक सांगतो आणि म्हणतो, "बँकेतून बोलतोय. आत्ता आलेले सहा आकडे सांगा." नाव ठाऊक आहे म्हणून तो बँकेचा ठरत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स आपण किती दुकानांत देतो, आठवून पाहा! ते सहा आकडे म्हणजे ओटीपी. तो मिळाला, की तो माणूस अब्बांच्या नावाने व्यवहार करू शकतो. बँक ओटीपी कधीच विचारत नाही.

चुकून सांगितलाच, तर मार बसेल म्हणून लपवू नका. ताबडतोब बँकेला कळवायला सांगा आणि १९३० वर तक्रार नोंदवायला लावा.