बिबळ्या कडवा

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत चिंचोळी येथे औद्योगिक वसाहत आहे. लोक तिला चिंचोळी एमआयडीसी म्हणूनच ओळखतात. कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींची वर्दळ आणि माथ्यावर तळपणारे ऊन! अशा ठिकाणी फुलपाखरू शोधण्यास कोण जाईल? परंतु पडीक जागेत किंवा रस्त्याच्या कडेला जेथे रुईचे झुडूप वाढते, तेथे नारिंगी पंखांचे, काळ्या काठाचे एक फुलपाखरू संथपणे विहरू लागते. पंखांच्या काळ्या टोकांवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. ह्याचे नाव बिबळ्या कडवा.

रंगामुळे तो बिबळ्या झाला. कडवा का, हे मात्र रुईला विचारावे. रुई म्हणजे निरुपयोगी झुडूप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत आणि शनिवारी मारुतीला पानांची माळ घालण्यापुरतीच माणसांना तिची आठवण होते. तिच्या पांढऱ्या चिकात हृदयाला अपाय करणारे विष असते. नेमके हेच झुडूप बिबळ्याची मादी आपल्या संततीसाठी निवडते. पुढच्या पायांनी पान चाचपून ती त्याची पारख करते आणि पानाच्या खालच्या बाजूस एकेक अंडे घालते. ते खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठे असते.

अंड्यातून निघालेली अळी प्रथम आपले कवच खाते, मग पानाकडे वळते. चीक एकदम तोंडात येऊ नये म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते. चिकाचा ओघ ओसरला की पुढचा भाग निवांत खाते. ह्या युक्तीचे कौतुक करावे तितके थोडेच. चार वेळा कात टाकून ती मोठी होते. काळेपांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या, असे तिचे रूप असते. रुईतील विष तिच्या शरीरात साठत जाते आणि कोशातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखरातही ते उतरते. हिरव्या लोलकासारखा हा कोश पानाखाली उलटा लोंबतो. त्यावर सोनेरी ठिपके चमकतात.

एकदा बिबळ्याची चव घेतलेला पक्षी पुन्हा सहसा त्याच्या वाटेस जात नाही. म्हणूनच त्याच्या उडण्यात घाई नसते. त्याचे अंगही चिवट असते. चोचीत सापडला तरी तो निपचित पडून राहतो आणि सुटताच उडून जातो. सर्वच शत्रू मात्र असे फसत नाहीत. काही माश्या अळीवर अंडी घालतात. त्यांची पिल्ले तिला आतून पोखरतात. त्यांच्यापुढे विषाचा इलाज चालत नाही.

बिबळ्याच्या ह्या दबदब्याचा लाभ दुसरेच एक फुलपाखरू घेते. छोटा चांदवा नावाच्या फुलपाखराचा नर काळा असून त्यावर पांढरे चंद्रासारखे ठिपके असतात, पण मादी हुबेहूब बिबळ्यासारखी! तिच्या अंगी विष नसते, तरी पक्षी तिला टाळतात. अशा सोंगाचा उलगडा हेन्री बेट्स ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या अरण्यातील फुलपाखरांवरून १८६२ मध्ये केला. मागच्या पंखाकडे नीट पाहिल्यास सोंग ओळखता येते. बिबळ्याच्या पंखाच्या मध्यभागी मादीला तीन आणि नराला चार काळे ठिपके असतात. तोतया मादीच्या पंखाच्या वरच्या कडेशी एकच असतो.

हे फुलपाखरू केवळ भारताचे नव्हे. आफ्रिकेतही ते सर्वत्र आहे. इजिप्तमध्ये नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात ३३०० वर्षांहून पूर्वी रंगविलेल्या भित्तिचित्रात ते आजही ओळखू येते.

वसाहतीतील मोकळे भूखंड साफ होतात, तेव्हा पहिला घाव रुईवर बसतो. पानांवरील अंडी व अळ्या तिच्याबरोबरच वाळून जातात. मुळे शाबूत राहिली तर बुंध्यातून पुन्हा कोंब फुटतात. आणि पालवी वीतभर वाढते न वाढते तोच एखादी मादी येऊन पुढच्या पायांनी ती चाचपू लागते.